गळती नव्हतीच

दर हिवाळ्यात ही बातमी येते. आंघोळीला गेलेला मुलगा बराच वेळ बाहेर आला नाही, हाका मारल्या तरी ओ दिली नाही, शेवटी मित्रांनी दार तोडलं. आणि वर मथळा असतो : 'गिझरच्या गॅसगळतीने विद्यार्थ्याचा मृत्यू'. तो वाचून लोक आपल्या घरातल्या रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बघतात. बुडबुडा आला नाही की निर्धास्त होतात. चुकीच्या मथळ्यामुळे माणसं चुकीच्या जागी धोका शोधतात, म्हणून मला या मथळ्याचा राग येतो.

गेल्या पावसाळ्यात भाचीसाठी जागा बघायला मी सदाशिव पेठेत गेले होते. तिसरा मजला, सहा मुली, कॉट बेसिस. बाथरूम चार बाय सहाचं. बादलीच्या बरोबर वर गॅसचा गिझर. वरच्या झडपांच्या काचांवर वर्तमानपत्राचा कागद चिकटपट्टीने लावलेला, कारण डास येतात. मी मालकांना म्हटलं, "काका, हा गिझर आत कशाला?" ते म्हणाले, "अहो ताई, नळी नवी आहे. लीक अजिबात नाही. आणि झालाच लीक, तर वास येईल ना!" माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पुण्यातल्या निम्म्या घरमालकांना आणि त्यांच्या भाडेकरूंना तसंच वाटत असावं.

तर हा वास म्हणजे काय, ते आधी बघू. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. गॅस पेटला की हे रसायनही त्याच्याबरोबर जळून जातं. बाथरूममध्ये जीव जातो तो न जळलेल्या गॅसने नव्हे, तर अर्धवट जळलेल्या गॅसातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने. त्याला ना रंग, ना वास. तो डोळ्यांना झोंबत नाही की घशात खवखवत नाही. म्हणजे नळी शाबूत, जोडणी घट्ट, गिझर कोरा असला तरी माणूस मरू शकतो. गळती नव्हतीच.

कसं ते हिशेबाने सांगते. एक किलो गॅस नीट जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा नेहमीचा गिझर सलग चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. चार बाय सहाच्या आणि आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये हवा मावते जेमतेम साडेपाच घनमीटर. म्हणजे दार-खिडकी बंद असेल, तर अर्ध्या-पाऊण तासात ज्योत त्या खोलीभर हवेवर हात मारून मोकळी होते. पण तितका वेळही लागत नाही. हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या २१ टक्क्यांवरून थोडा खाली आला, की ज्योत अर्धवट जळू लागते आणि विषारी वायू झपाट्याने वाढतो. त्यात हा गिझर धूर बाहेर सोडत नाही, खोलीतच सोडतो.

आता सकाळी साडेसहाची वेळ डोळ्यांसमोर आणा. अभ्यासिका गाठायची घाई असते. एक जण निघते, दुसरी शिरते, मग तिसरी. सेलवर टकटक होते, भक्कन ज्योत पेटते, दाराला कडी लागते. पहिलीला काहीच होत नाही. दुसरीला जरा गरगरतं, ती म्हणते उपाशीपोटी आहे म्हणून. तिसरी साठलेल्या हवेत शिरते. 'आम्ही तीन वर्षं वापरतोय, कुणाला काही झालं नाही' हे म्हणणारे बहुतेक वेळा रांगेत पहिले असतात.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग पायांतलं बळ जातं. कडी दोन हातांवर दिसते, पण तिथवर जाववत नाही. थोडा वायू काय करणार, असं वाटत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०१० सालची घरातल्या हवेबद्दलची मर्यादा बघा : पंधरा मिनिटांसाठी घनमीटरला १०० मिलिग्रॅम. म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत नव्वदही नाहीत.

कित्येकांना बाथरूममध्ये झटका येतो. आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद करून 'गॅस गिझर सिंड्रोम' हे नावच दिलं आहे. झटका दिसला की फिट आली म्हणून कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला आजही कुणीतरी धावतं. कृपा करून हे थांबवा. त्या माणसाला हवी असते मोकळी हवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हा वायू जड असतो, खाली बसतो : नाही, तो हवेपेक्षा किंचित हलकाच आहे आणि सगळीकडे मिसळतो. जड असतो तो सिलिंडरमधला गॅस. निळी ज्योत म्हणजे सुरक्षित : ज्योत पिवळी दिसली तर धोका नक्की, पण निळी आहे म्हणून बंद खोलीत हमी नाही. एक्झॉस्ट फॅन आहे ना : हवा आत यायला जागाच नसेल, तर तो बाहेर काय फेकणार? ऑक्सिमीटरवर ९८ आलं म्हणजे ठीक : साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन यांतला फरकच कळत नाही, तो दोन्ही सारखंच मोजतो. हा फक्त गिझरचा प्रश्न आहे : जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन इथल्या रिसॉर्टमध्ये थंडीसाठी खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले, त्यात लहान मुलंही होती. कोळशाची शेगडी आत घेऊन झोपणंही तितकंच घातक.

इंग्लंडला शिकायला गेलेल्या मुलांना तिथे उलट अनुभव येतो. घरमालकाने गॅसची उपकरणं दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यायची असतात, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलरसारखं इंधन जाळणारं कायमचं उपकरण ज्या खोलीत असेल, तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावून द्यावा लागतो. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारात पंखे आणि ट्यूबलाइट मोजून लिहिलेल्या असतात. गिझर कुठे लावलाय, हे लिहिलेला करार मी अजून पाहिलेला नाही.

कुणी आत पडलेलं आढळलं, तर दार-खिडकी उघडा, गिझर बंद करा, माणसाला ओढून बाहेर आणा आणि १०८ला फोन करा. स्वतः आत रेंगाळू नका. दवाखान्यात 'चक्कर आली' एवढंच सांगू नका, 'गॅस गिझर चालू होता' हे शब्द आवर्जून उच्चारा. साध्या हवेत हे विष निम्मं उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. शुद्धीवर आल्यावरही डॉक्टरांना दाखवाच, कारण विसराळूपणा, वागण्यातला बदल असे परिणाम काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही दिसतात.

आणि अशी वेळ येऊच नये म्हणून? दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच आंघोळीला जा. झडपांवरचा कागद आजच काढा, डासांसाठी जाळी लावा. पण हा तात्पुरता उपाय झाला. आई-वडिलांनो, डिपॉझिटचा चेक लिहिण्याआधी बाथरूमचं दार उघडून वर बघा. गिझर आत असेल, तर तो ड्राय बाल्कनीत हलवून घ्या, पाण्याची नळी तेवढी आत येऊ द्या. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.