फॅट किती लागली?

भोगावतीच्या खोऱ्यात राधानगरी रस्त्याला लागलेल्या कुठल्याही गावात पहाटे जा, दूध संस्थेच्या दारात माणसांआधी किटल्यांची रांग लागलेली दिसते. काट्यावर स्टीलचं भांडं, शेजारी टेबलावर टिफिनाएवढं यंत्र आणि संगणकामागे सेक्रेटरी. किटली भांड्यात ओतली की टेस्टर त्यातलं पळीभर दूध एका छोट्या कपात घेतो आणि यंत्राच्या नळीखाली धरतो. मिनिटाच्या आत आकडे उमटतात: फॅट, एसएनएफ, लिटर, दर, रक्कम. चिठ्ठी फाटते. मागचा माणूस पुढच्याला विचारतो, “फॅट किती लागली?” उत्तर मिळतं, “सहा-चार.” कधी नुसतंच तोंड वाकडं होतं.

महाराष्ट्रातल्या खेड्यात इतक्या नियमानं घेतली जाणारी दुसरी परीक्षा नसेल. रोज दोन वेळा, आणि निकाल थेट पैशांत. छोट्या शेतकऱ्याला आधार देण्याच्या योजना कागदावर ढीगभर निघाल्या. पण दोन एकरवाल्याच्या आणि भूमिहीनाच्याही घरात नेमानं पैसा पोचवला तो या मोजणीनं आणि दहा दिवसांच्या बिलानं, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणूनच धंद्यात खोट शिरते तीही याच टेबलावरून.

यंत्र आत्ताचं, परीक्षा मात्र सव्वाशे वर्षांहून जुनी. स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बर यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुधातली चरबी मोजायची जी रीत काढली, ती आपल्या दूध संस्थांनी कित्येक दशकं जशीच्या तशी वापरली. काचेची एक फुगीर नळी, तिच्या बारीक मानेवर आकडे. नळीत आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग १०.७५ मिली दूध, शेवटी १ मिली अमाइल अल्कोहोल. क्रम चुकवायचा नाही आणि दूध धसकन ओतायचं नाही, कडेनं सोडायचं. ॲसिड दुधातली प्रथिनं विरघळवून टाकतं, मिश्रण चॉकलेटी होतं आणि नळी इतकी तापते की फडक्यात गुंडाळूनच हलवावी लागते. मग नळ्या गोल यंत्रात घालून चार-पाच मिनिटं गरगर फिरवायच्या. हलकी चरबी मानेत येऊन पिवळसर पट्ट्यासारखी उभी राहते. पट्टा जिथपर्यंत, तितकी फॅट. जुन्या टेस्टरच्या सदऱ्याला ॲसिडची भोकं पडलेली असत. गावात त्याचा दरारा सरपंचापेक्षा कमी नसे आणि त्याच्याबद्दलचा संशयही.

त्याआधी दूध फक्त लॅक्टोमीटरवर, म्हणजे ‘डिग्री’वर तपासलं जाई. पाणी घातलं की डिग्री उतरते, हे सगळ्यांना ठाऊक. पण साय काढली की डिग्री चढते, कारण चरबी पाण्यापेक्षा हलकी. तेव्हा हुशार माणूस आधी साय काढायचा, मग बेतानं पाणी घालायचा आणि डिग्री जिथल्या तिथे ठेवायचा. गर्बरच्या नळीनं हा डाव उघडा पाडला. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे चरबी सोडून उरलेला घन भाग, असे दोन आकडे एकदम मागितले जाऊ लागले. गाईच्या दुधाला साडेतीन-साडेआठ, म्हशीला सहा-नऊ या जोड्या आता शेतकऱ्याच्या पोरासोरांना पाठ असतात.

नुसत्या नळीनं मात्र काही होत नाही, ती कुणाच्या हातात आहे हे पाहावं लागतं. मुंबईला दूध पुरवायचं काम १९४५ मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातून पॉल्सन या खासगी डेअरीकडे गेलं, तेव्हा शहरातला भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव यांतलं अंतर पाहून तिथले शेतकरी चिडले. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावात सभा झाली, पंधरा दिवस मुंबईकडे दूध गेलं नाही, आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला खेडा जिल्हा संघ नोंदवला गेला. पुढची अमूलची, त्रिभुवनदास पटेल आणि कुरियन यांची कथा सर्वांना माहीत आहे. माझ्या मते तिचं मर्म एवढंच: दूध मोजणारा माणूस दूध घालणाऱ्यांनी नेमलेला होता.

कोल्हापुरात हा पायंडा १९६३ मध्ये आला. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ त्या वर्षी स्थापन झाला, त्याचंच व्यवहारातलं नाव गोकुळ. म्हशीच्या दुधाला जिव्हाळ्यानं जपणारा हा जिल्हा. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढून देतात आणि गिऱ्हाईक फेसाळ पेला तिथंच रिकामा करतो, तिथं दुधाची पारख वेगळी शिकवावी लागली नाही. मुंबईत घट्ट दुधाला मागणी होती आणि म्हशीच्या फॅटला दर होता.

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला ऊस असताना दूध कशाला, असं बाहेरच्याला वाटतं. पण ऊस बारा ते अठरा महिने शिवारात उभा राहतो. त्याचा पैसा आला की आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं, मग खताची उधारी, आणि उरलेल्यावर लग्न नाहीतर स्लॅब. किराणा, शाळेची फी, दवाखाना, लाइटबिल हे सगळं दहा दिवसांच्या दूधबिलावर चालतं. संस्थेच्या दुकानातून पेंडेचं पोतं उधार उचलायचं, ते बिलातून कापलं जातं. म्हैस घ्यायला बँकेचं कर्ज काढलं तर हप्ताही बिलातूनच जातो. बँकेलाही हे बरं, कारण महिन्यातून तीनदा पैसे येतात हे तिला दिसतं. दिवाळीआधी वर्षभराच्या दुधावरचा ‘फरक’ मिळतो. फराळ आणि पोरांचे कपडे त्यात भागतात. खाती बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर, आणि शेण काढण्यापासून धारेपर्यंतचं काम बायकांकडे. हे कुणाला खटकत नाही असं नाही, पण सभासदांच्या यादीत अजून पुरेसं उतरलेलं नाही.

या बिलाभोवती गावात आणखी काही पोटं भरतात. कडबाकुट्टी दुरुस्त करणारा, पेंडेचा दुकानदार, टेम्पोवाला, मुरघासाच्या बॅगा भरून देणारी पोरं, मोटारसायकलला रेतनाचं भांडं बांधून फिरणारा माणूस. छोटा उद्योग म्हणून यांची वेगळी मोजदाद कुणी करत नाही, पण दुधाचं बिल दोन हप्ते थकलं तर सगळ्यात आधी यांचीच उधारी बुडते.

फॅट मात्र कुणाच्या मर्जीनं लागत नाही, ती म्हशीच्या पोटातून येते. सकाळी दूध जास्त, फॅट कमी, संध्याकाळी उलट. ताजी व्यालेली म्हैस भरपूर पण पातळ देते, आटत आलेली थोडं आणि घट्ट. हिरवा चारा फार झाला की फॅट उतरते, कडबा-पिंजर पोटात गेली की सावरते. आणि धारेतही फरक असतो: सुरुवातीचं दूध पातळ, शेवटच्या धारा सगळ्यांत सायदार. आता सांगा, त्या शेवटच्या धारा रेडकाला सोडायच्या की किटलीत घ्यायच्या? रेडकाला सोडल्या तर चिठ्ठीवर आकडा घसरतो. नाही सोडल्या तर पुढची म्हैस कुठून येणार? गोठ्यात रोज हा हिशेब घरातली बाई मनातल्या मनात करत असते.

गाईच्या दुधाची वाट वेगळी. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ ही संस्था उभी केली आणि संकरित गाईसाठी रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारात नेली. नगर, पुणे, सोलापूर या पट्ट्यात होल्स्टीनच्या रक्ताच्या गाई आल्या, दूध कित्येक पटींनी वाढलं, आणि फॅट साडेतीनच्या आसपास रेंगाळली. हे दूध पिशवीतून उरलं की पावडर आणि लोणी होतं. त्यामुळे पावडरचा बाजार पडला की इथला दर पडतो. खासगी डेअऱ्यांचा जोरही याच पट्ट्यात. दरपत्रकातली खाच अशी की फॅट किंवा एसएनएफचा गुण वाढला तर लिटरला काही पैसे बक्षीस, आणि तोच गुण उतरला तर दंड त्याच्या कितीतरी पट. याला शेतकरी ‘रिव्हर्स पॉइंट’ म्हणतात आणि शिव्या घालतात. दर कोसळल्यावर राज्य सरकारनं २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, पण जनावराच्या कानात नोंदणीचा बिल्ला हवा, माहिती ऑनलाइन भरलेली हवी. ज्याच्याकडे एकच गाय, त्याला ती कागदपत्रं दुधापेक्षा जड गेली.

आता काट्याकडे या. काटा लिटरचा एकच दशांश दाखवत असेल, तर ४.२९ लिटर दूध ४.२ दिसतं. ९० मिली हवेत गेलं. दर खेपेला सरासरी ४५ मिली धरा. ३०० उत्पादक, दोन वेळा, म्हणजे दिवसाला २७ लिटर दूध कुणाच्याही खात्यावर नाही. त्यात नमुन्याचं दूध. ५०-५० मिली काढून घेतलं तर २०० जणांचं १० लिटर होतं, आणि ते किटलीत परत जात नाही. चांगली संस्था ते विकून रक्कम सभेपुढे ठेवते. वाईट संस्थेत ते कुठे जातं हे गावाला माहीत असतं, फक्त इतिवृत्तात नसतं. किसान सभेचे अजित नवले आणि दूध उत्पादक संघर्ष समिती गेली काही वर्षं काटा आणि मिल्कोमीटर, म्हणजे फॅट मोजणारं यंत्र, यांच्या तपासणीचा धोशा लावून आहेत. त्यात राजकारण किती, हे बाजूला ठेवा. वरचा गुणाकार कुणीही करून पाहावा.

यंत्राचीही गंमत आहे. हल्लीचं अल्ट्रासॉनिक यंत्र चरबी बघतच नाही. ते दुधातून ध्वनिलहरी सोडतं, वेगवेगळ्या तापमानाला त्यांचा वेग मोजतं आणि त्यावरून फॅट नि एसएनएफ काढतं. गाय आणि म्हैस यांच्यासाठी बटण वेगळं. चुकीचं दाबलं की आकडा बिनसतो. नळी रोज नीट धुतली नाही की दुधाचा थर बसतो आणि यंत्र बिनदिक्कत खोटं बोलतं. शिवाय एसएनएफ चढवायला साखर किंवा युरिया घालणारे महाभाग आहेतच, आणि साध्या यंत्राला ते कळत नाही. म्हणून यंत्राची जुळणी अजूनही गर्बरच्या नळीशी ताडूनच करतात, आणि मोठा वाद झाला की ॲसिडची बाटली बाहेर येते. शंका आली तर आपल्यासमोर नळीवर तपासून द्या, असं सभासदानं मागायला काही हरकत नाही. मागणारे थोडे, कारण उद्याही तिथंच दूध घालायचं असतं.

राहिलं संघाचं राजकारण. गोकुळच्या संचालक मंडळाला दूध घालणारा शेतकरी थेट मत देत नाही. गावची संस्था ठराव करून एक प्रतिनिधी देते, तो मत देतो. म्हणून निवडणूक लागली की हे ठरावधारक एकदम मोलाचे होतात, सहलीला जातात, त्यांच्या गाड्यांना पहारा लागतो. २०२१ मध्ये स्थानिक नेते सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ यांच्या आघाडीनं महाडिक गटाची सत्ता घालवली, तेव्हा जिल्ह्यात विधानसभेपेक्षा जास्त चर्चा याच निकालाची होती. हे वाईटच असं मी म्हणणार नाही. ज्या संस्थेची सत्ता लोकांना इतकी हवीशी वाटते, तिच्यात काहीतरी जीव असतो. शिवाय निवडणुकीच्या भीतीनं दर दोन रुपयांनी वाढला तर शेतकऱ्याला तो नको असेल, असंही नाही. खासगी डेअरीच्या मालकाला असली भीती नसते. तिथं शेतकऱ्याच्या हातात एकच उपाय उरतो, दूध दुसऱ्या गाडीत घालणं. आणि गावात दुसरी गाडी येतच नसेल, तर तोही नाही.