मुलांच्या दुःखाची पुरती चौकशी

वर्गांतील एकादा विद्यार्थी एकाएकीं अबोल होतो, अभ्यासांत मागें पडतो, किंवा क्षुल्लक कारणावरून दुसऱ्याच्या अंगावर धांवून जातो. त्यास ‘आळशी’ अगर ‘मारकुटा’ म्हणून आपण मोकळे होतों. पण त्याच्या वाट्यास काय आलें आहे, हें त्यास कोणी विचारिलें आहे काय?

अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहॉर व त्यांचे सहकारी यांनीं या विषयाचा मोठा अभ्यास केला आहे. पूर्वीं संशोधक बहुधा हिंसेचा एकेक प्रकार वेगळा घेऊन पाहत. या मंडळींनीं ३४ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तींत चोरी व मारहाण, वडील माणसांकडून होणारा छळ व हेळसांड, भावंडांचा व सोबत्यांचा जाच, लैंगिक अत्याचार, आणि डोळ्यांदेखत दुसऱ्यावर झालेली हिंसा, असे पांच विभाग आहेत. २००८ सालीं अमेरिकेंत ४,५४९ मुलांविषयीं पाहणी झाली. त्यांपैकीं शेंकडा साठांहून अधिक मुलांचा मागील वर्षभरांत कोणत्या ना कोणत्या हिंसेशीं संबंध आला होता. एकच आघात वारंवार सोसणाऱ्या मुलांपेक्षां नाना प्रकारचे आघात सोसणारीं मुलें मनानें बहुधा अधिक खचलेलीं असतात, असेंही या अभ्यासकांस आढळलें.

समजा, एका मुलास सोबती मारतात असें कळलें. शिक्षकांनीं त्या सोबत्यांस शासन केलें व काम झालें असें मानिलें. परंतु तोच मुलगा घरींही मार खात असेल, अगर आईस मार बसतांना रोज पाहत असेल, तर आपण त्यास एका दुःखांतून सोडवून दुसऱ्याच्या हवालीं केलें, एवढेंच!

म्हणून पहिलें उत्तर मिळतांच चौकशी थांबवूं नये. मात्र विचारण्याचीही रीत आहे. मुलास निवांत जागीं एकट्यास विचारावें. ज्याचें त्यास भय असेल, त्याच्या समक्ष कदापि विचारूं नये. उत्तर त्याच्या तोंडीं घालूं नये. तीच हकीकत दहा जणांपुढें वदवूं नये. ‘कोणास सांगणार नाहीं’ असें वचनही देऊं नये. कारण त्याच्या रक्षणासाठीं योग्य माणसास सांगावेंच लागतें.

विद्यार्थिमित्रांनो, सोसणें हा तुमचा अपराध नव्हे. विश्वासाच्या वडील माणसास सांगा. तसें कोणी नसेल तर १०९८ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनि करा. मुलांसाठींची ही सोय १९९६ सालीं मुंबईंतच सुरू झाली. आणि पालकहो, मूल बोलूं लागलें म्हणजे त्यास मध्येंच अडवूं नका. त्याचें सर्व ऐकून घ्या, हीच आमची विनंति.