धुरीचे लाकूड

हिवाळ्यातील पहाटे वाराणसीच्या बालाजी घाटावर उभे राहिले असता गंगेच्या पात्रावर धुराचा एक पातळ थर तरंगताना पुष्कळदा दिसतो. पंचगंगा घाटाला लागून असलेला हा घाट पेशव्यांच्या आश्रयाची आठवण जागवणारा आहे. येथील बालाजीच्या मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी अनेक वर्षे सनईचा रियाज केला. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा अधिक गार असते. त्यामुळे शेकोट्यांचा धूर वर न चढता खालीच पसरतो. कोणी शेकोटीत ओले लाकूड टाकले, तर तो धूर पांढरा व दाट होतो आणि डोळे चुरचुरू लागतात. तेथेच आंब्याचे वाळलेले लाकूड संथपणे धुमसत असले, तर धूर विरळ असतो आणि त्याचा वास नाकाला सौम्य लागतो. शेकोटी एकच, धूर मात्र दोन तऱ्हेचे.

या शेकोट्यांचा मांसाशी काही संबंध नाही. परंतु घरच्या घरी मांसाला धुरी देणाऱ्या मनुष्यास जो प्रश्न सोडवावा लागतो, तो नेमका हाच आहे. शेकोटीचा धूर वाऱ्याबरोबर निघून जातो. धुरीचा धूर मात्र अन्नावर बसतो व पोटात जातो. म्हणून चांगला धूर कोणता आणि तो कोणत्या लाकडापासून व कसा मिळतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

जुनी रीत

धुरीने मांस व मासे टिकवण्याची रीत भारतात जुनी आहे. गोव्यात डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, मिरची, मसाला व माडाचे व्हिनेगर यांत मुरवून आतड्यात भरतात. असे तयार झालेले चोरीस उन्हात वाळवतात व चुलीच्या धुरावर टांगून ठेवतात. पावसाळ्यासाठी जी बेगमी करून ठेवायची, तिला तेथे पुरुमेंत म्हणतात. चोरीस हा त्या बेगमीतील एक महत्त्वाचा पदार्थ होय. लक्षद्वीपमध्ये कुपा मासा उकडून, धुरावून व वाळवून ‘मासमीन’ तयार करतात. नागालँड व मिझोराम येथील घरांत चुलीच्या वर टांगलेल्या मांचीवर मांस ठेवण्याची चाल आहे.

या सर्व रीतींत एक गोष्ट समान आहे. त्यांपैकी कोणतीही केवळ धुरावर अवलंबून नाही. मीठ, आंबटपणा, उष्णता व वाळवण यांनी टिकाऊपणाचे मुख्य काम होते. धूर त्याला साहाय्य करतो. ही गोष्ट विसरल्यास काय घडते, ते पुढे येईलच.

लाकडात काय असते?

लाकूड मुख्यतः तीन द्रव्यांचे बनलेले असते. सेल्युलोज हे त्यांपैकी सर्वांत अधिक, म्हणजे वाळलेल्या लाकडाच्या जवळजवळ ४० ते ५० टक्के. बाकीचा बहुतेक भाग हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचा असतो. लाकूड तापू लागले की प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते. सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानास हेमिसेल्युलोज फुटते व त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, बाहेर पडते. त्यानंतर, साधारण ४०० अंशांपर्यंत, सेल्युलोजचे विघटन होते. त्यापासून निर्माण होणारी कार्बोनिल संयुगे मांसातील प्रथिनांशी संयोग पावतात आणि मांसास तांबूस-तपकिरी रंग येतो. लिग्निन हळूहळू व दीर्घ काळ विघटित होते. त्यापासून ग्वायाकोल व सिरिंगोल यांसारखी फिनॉल वर्गातील संयुगे मिळतात. धुरीचा जो विशिष्ट वास व स्वाद आपणांस आवडतो, तो प्रामुख्याने यांचाच. ही संयुगे चरबी खवट होण्यास अटकाव करतात आणि पृष्ठभागावरील जंतूंची वाढही मंदावतात.

परंतु तापमान ४०० अंशांच्या बरेच वर गेले, की धुरात बेंझोपायरीनसारखी अनेक कड्यांची हायड्रोकार्बने वाढू लागतात. बेंझोपायरीन हे मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने दिलेला आहे. २०१५ साली त्याच संस्थेने धुरावलेल्या मांसासह सर्व प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या पदार्थांत केला. युरोपीय संघात धुरावलेल्या मांसाच्या एका किलोग्रॅममध्ये २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक बेंझोपायरीन असू नये, अशी मर्यादा २०१४ पासून लागू आहे. धुरावलेले मांस रोजच्या जेवणात न घेता क्वचित व बेताने खावे, हे यावरून उघड आहे. आणि जेव्हा ते करावयाचे, तेव्हा लाकूड पेटू न देता धुमसत ठेवावे, हेही तितकेच उघड आहे.

लाकडाची पारख

धुरीसाठी रुंद पानांच्या वृक्षांचे कठीण लाकूड घ्यावे. आंबा, पेरू, चिंच व जांभूळ ही आपल्याकडे सहज मिळणारी लाकडे होत. बाभळीचे लाकूड जड असून त्याचा निखारा फार वेळ टिकतो. त्याचा वास मात्र उग्र असल्याने ते थोडेच वापरावे. चीड व देवदार यांच्यासारख्या राळयुक्त लाकडांचा धूर काजळीने भरलेला असतो आणि मांसास कडवटपणा आणतो. निलगिरीच्या तेलाचा वासही मांसात उतरतो. कण्हेर, रुई व बिब्बा यांचे लाकूड मुळीच वापरू नये, कारण या झाडांत विषारी किंवा दाहक द्रव्ये असतात. काजूच्या बियांची टरफलेही याच कारणाने वर्ज्य समजावीत. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. नवग्रहांच्या समिधांत रुईचा समावेश होतो. म्हणून एखादे लाकूड होमास चालते एवढ्यावरून ते अन्नाच्या धुरीसही चालेल, असा निष्कर्ष काढू नये.

सुताराकडील ढलप्या, जुने फर्निचर, प्लायवूड, रंग किंवा पॉलिश दिलेल्या फळ्या व माल भरण्याची खोकी टाळावीत. त्यांत डिंक, रंग व कीडनाशके असतात. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट या द्रव्यात मुरवलेले असत. त्यांचे तुकडे धुरीस सर्वथा निषिद्ध होत. बुरशी आलेले लाकूडही टाकून द्यावे.

लाकूड वाळलेले आहे किंवा नाही, हे ओळखण्याच्या काही सोप्या खुणा आहेत. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकांना मध्यापासून बाहेर जाणाऱ्या चिरा पडतात. त्याची साल सहज सुटते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता ओल्याचा बद्द आवाज येतो, वाळलेल्याचा खणखणीत. याहून खात्रीची कसोटी तराजूची आहे. एक तुकडा दर आठवड्यास तोलावा. वजन घटेनासे झाले, म्हणजे तो हवेच्या मानाने वाळला असे समजावे. असे लाकूड फोडून, पावसापासून सुरक्षित पण वारा खेळेल अशा जागी काही महिने रचून ठेवल्याने तयार होते.

तुकडे मुठीएवढे, म्हणजे पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचे असावेत. भुशाला व बारीक ढलप्यांना हवा चहूकडून लागते, त्यामुळे त्या भराभर जळून जातात. जाड तुकड्याचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने लहान असतो. म्हणून तो सावकाश धुमसतो. तुकडे पाण्यात भिजवून घेण्याची चाल आहे, परंतु तिचा उपयोग फारसा नाही. पाणी जाड तुकड्यात खोलवर शिरत नाही. जे शिरते, त्याची वाफ होईपर्यंत धूर निघण्यास विलंब होतो व निखारा थंडावतो.

धुरी देण्याची कृती

धुरी नेहमी उघड्यावर द्यावी. धुमसणाऱ्या लाकडापासून व कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू निघतो. बंद खोलीत तो प्राणघातक ठरतो.

झाकणाच्या मोठ्या शेगडीत एका बाजूस पेटलेला कोळसा ठेवावा व मांस दुसऱ्या बाजूस जाळीवर मांडावे. निखाऱ्याच्या थेट वर मांस ठेवल्यास चरबी निखाऱ्यावर गळून जळते आणि तिच्या धुरातूनही हानिकारक हायड्रोकार्बने मांसावर बसतात. शेगडी जस्ताचा मुलामा दिलेली किंवा आतून रंगवलेली नसावी. शेगडीतील हवा ११० ते १३० अंश सेल्सिअस तापली, म्हणजे निखाऱ्यावर लाकडाचे एक-दोन तुकडे ठेवावेत. प्रारंभी निघणारा दाट पांढरा धूर ओसरून विरळ, किंचित निळसर धूर येऊ लागला, की मगच मांस आत ठेवावे. झाकणावरील भोक पूर्ण बंद करू नये. कोंडलेल्या धुराचा चिकट काळा थर मांसावर जमतो. ज्वाला दिसली तर खालची हवा थोडी कमी करावी.

धूर थंड व ओलसर पृष्ठभागावर अधिक बसतो. मांसाचा पृष्ठभाग वाळून तापला, की तो धूर कमी घेतो. यास्तव पहिल्या दीड-दोन तासांतच धुरीचे काम बव्हंशी पुरे होते. त्यापुढे लाकूड घालत राहण्यात कडवटपणाखेरीज काही लाभ नाही. राहिलेले शिजणे कोळशाच्या आचेवर होऊ द्यावे.

धुरीवर किती विसंबावे?

१८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीस आलेल्या वादकांनी खारवलेले व धुरावलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांतील अनेकांस अर्धांगवायूसारखी लक्षणे झाली आणि तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसाची तपासणी करून बोट्युलिझमचा जंतू शोधून काढला. हा जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो. धूर मांसाच्या पृष्ठभागापासून फारसा आत जात नाही. आणि मांसाच्या गाभ्यात नेमकी तशीच हवाविरहित जागा असते. वरून सुरेख तपकिरी झालेले मांस आतून सुरक्षित असेलच असे नाही, हा त्या दुर्घटनेचा धडा होय.

म्हणून घरी नेहमी मांस शिजेल अशीच गरम धुरी द्यावी. ३० अंशांखालील थंड धुरीस मिठाचे काटेकोर प्रमाण व नियंत्रित तापमान लागते; वाराणसीच्या उन्हाळ्यात किंवा कोकणच्या दमट हवेत ते घरी साधणे शक्य नाही. मांसाच्या गाभ्यात तापमापक खुपसून पाहावा. कोंबडीचे मांस ७४ अंशांपर्यंत, खिमा ७१ अंशांपर्यंत, तर बकऱ्याचा किंवा डुकराचा अखंड तुकडा निदान ६३ अंशांपर्यंत तापवून तीन मिनिटे तसाच राहू द्यावा. शिजलेले मांस बाहेर दोन तासांपेक्षा, व कडक उन्हाळ्यात एका तासापेक्षा, अधिक ठेवू नये. उरलेले शीतकपाटात ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

चांगल्या धुरीस महाग साधने लागत नाहीत. घाटावरील शेकोटीभोवती बसणाऱ्यास धूर डोळ्यांना झोंबला, की ओले लाकूड आत पडले हे लगेच कळते व तो ते बाजूस सारतो. मांसास धुरी देणाऱ्यानेही हीच सवय लावून घ्यावी. डोळ्यांना व नाकाला जो धूर सोसवत नाही, तो मांसावर बसू देऊ नये.