अंधाराचे साहाय्य

हिमायतनगरच्या शिवारात अमावास्येच्या रात्री उभे राहिले, तर आकाश असंख्य ताऱ्यांनी भरून गेलेले दिसते. दिवसाही आकाशात तारे असतातच; परंतु सूर्याच्या पसरलेल्या उजेडात त्यांचा मंद प्रकाश बुडून जातो.

सूक्ष्मदर्शकातून क्षयाचे जंतू शोधणाऱ्यापुढेही हीच अडचण असते. हे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली शोधून काढले. त्यांची लांबी मिलिमीटरच्या सुमारे तीनशेव्या भागाइतकी असते. रोग्याच्या थुंकीस ऑरामिन नावाचा रंग देऊन तीवर निळा प्रकाश टाकला, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर ते पिवळसर हिरवे चमकतात. पण खिडकीतून आलेला उजेड भिंगावरून परावर्तित होऊन डोळ्यांत शिरला, की ती पार्श्वभूमी करडी होते आणि जंतूंची चमक फिकी पडते.

यावर उपाय अगदी साधे आहेत. खिडकीस जाड काळा पडदा लावावा. टेबल खिडकीपासून दूर ठेवावे आणि त्यामागील भिंतीस चकाकी नसलेला काळा रंग द्यावा. खोलीतील दिवे मालवावेत. मग डोळे अंधारास सरावेपर्यंत काही मिनिटे थांबून पाहण्यास आरंभ करावा.

थोडेसे जंतू नजरेतून सुटले, तर रोगी निरोगी ठरून औषधावाचून घरी परततो आणि त्याच्या खोकल्यातून रोग घरच्या माणसांपर्यंत पोहोचतो. मराठवाड्याचे प्रखर ऊन अडविणारा तो काळा पडदा म्हणूनच औषधाइतका मोलाचा होय.