ड्युटी १२ तासांची, मग ओव्हरटाइम कुठे?

आसनगावहून लोकल किंवा मुरबाडहून एसटी पकडून शहापूर-मुरबाडच्या महिला कल्याण-ठाण्यात पेशंट सांभाळायला जातात. ड्युटी १२ तासांची, कधी २४ तासांची. जादा तासांचे पैसे मिळतात का? ते ठरते एका प्रश्नावर : कामावर कोणी ठेवले?

ब्युरोने ठेवले असेल तर...
२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार ठरलेल्या तासांपेक्षा जास्त कामाला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट मोबदला द्यावा लागतो. समजा, आठवड्याची मर्यादा ४८ तास आणि दर तासाला ६० रुपये. १२ तासांच्या सहा ड्युट्या म्हणजे ७२ तास. जादा २४ तासांचे १२० रुपयांप्रमाणे २,८८० रुपये होतात. 'आम्ही फक्त काम मिळवून देतो' म्हणत ब्युरो हात झटकू शकतो. म्हणून पगार त्याच्याकडूनच येतो, याचा पुरावा जपा.

कुटुंबाने थेट ठेवले असेल तर...
इथे बाजू लंगडी आहे. राज्याच्या २००८ च्या घरेलू कामगार कायद्याने कल्याण मंडळ दिले, ओव्हरटाइम नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र कायद्याच्या विचारासाठी समिती नेमण्यास केंद्राला सांगितले. तोवर तास, सुट्टी आणि जादा दर कामाआधीच ठरवा. व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

हे लक्षात ठेवा
• येण्या-जाण्याची वेळ रोज वहीत लिहा.
• पगार शक्यतो बँक खात्यात घ्या.
• वेतन संहितेखालील थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करा. चौकशी ठाण्यातील कामगार उपायुक्त कार्यालयात करा.