हप्ते थकले तरी गाडीचा विमा निघतो

कारचे हप्ते थकलेत, बँकेशी सेटलमेंटची बोलणी चालू आहेत आणि त्यातच विमा संपला. ज्यांची पॉलिसी आषाढ-श्रावणात संपते, त्यांची तर दुहेरी अडचण. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात तेव्हा रोवणी चालू असते, घरातला पैसा बांधीत गेलेला असतो आणि नवा पैसा धान विकल्याशिवाय दिसत नाही. 'सिबिल खराब झालं, आता आपल्याला विमा कोण देतो?' असं म्हणून माणूस गप्प बसतो आणि मूल, सिंदेवाही, आरमोरीच्या रस्त्यांवर गाडी विम्याविना धावत राहते. हा समज चुकीचा आहे आणि फार महागात पडणारा आहे.

विमा कंपनी आपल्याला उधारी देत नसते. 1938 च्या विमा कायद्यातल्या 64 व्हीबी या कलमानुसार प्रीमियम आधी जमा झाल्याशिवाय कंपनीला जोखीम घेताच येत नाही. वर्षाचे पैसे आगाऊ घेणाऱ्याला आपल्या जुन्या थकबाकीशी काय करायचंय? थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने इतरांच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा, दर तर सरकारच ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला 2094 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीच्या कारला 3416 रुपये, वर जीएसटी. कर्ज फेडून मोकळा झालेल्यालाही तोच दर आणि कर्जात बुडालेल्यालाही तोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला आपण फर्स्ट पार्टी म्हणतो, तो कंपनीगणिक बदलतो; पण तोही मुख्यतः गाडीची किंमत, वय, इंजिन आणि मागचे क्लेम पाहून ठरतो. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडला की पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं, एवढं मात्र खरं.

'आधी कर्ज निपटू, विम्याचं मग पाहू' हा विचार तर सगळ्यांत घातक. विमा नसताना पकडलं गेलं तर पहिल्या वेळी 2000 आणि पुढच्या वेळी 4000 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पण खरा धोका दंडाचा नाही. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या आष्टी-आलापल्ली रस्त्यावरून जातात, त्याच रस्त्यावर सायकलवाले असतात, शाळेची पोरं असतात. आपल्या गाडीखाली कुणी दगावलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाईचा आदेश देतं. विमा असेल तर ती रक्कम कंपनी भरते. नसेल तर मालकाने भरायची, आणि नाही भरली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 प्रमाणे ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल होऊ शकते. बँक थकीत रकमेत सूट देते, व्याज सोडते. अपघातात गेलेल्या माणसाच्या घरच्यांकडे अशी सूट कोणत्या तोंडाने मागणार? म्हणून मी आग्रहाने सांगतो, हात कितीही आखडलेला असो, थर्ड पार्टीचे पैसे आधी बाजूला काढा.

तेवढ्याने सगळं भागतं असं मात्र नाही. ताडोब्याच्या भोवतालच्या रस्त्यांवर रात्री चितळ किंवा रानडुक्कर आडवं आलं, किंवा जुलै 2022 सारखा पूर येऊन गाडी पाण्यात गेली, तर थर्ड पार्टीतून आपल्या गाडीसाठी एक पैसाही मिळत नाही. शिवाय आरसीवर बँकेचा बोजा असेपर्यंत पूर्ण विमा ठेवायची अट कर्जाच्या करारात सहसा असतेच. बोजा बँकेचा म्हणून नूतनीकरणही बँकच करेल, या भरवशावर राहू नका. काही करारांत बँक विमा काढून तो खर्च आपल्याच खात्यावर टाकते.

कर्जमाफीत कारचंही कर्ज सुटेल, असाही घोळ होतो. 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना असो की 2019 ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, दोन्ही शेतीच्या कर्जासाठी होत्या. घरच्या कारचं कर्ज त्यात बसत नव्हतं.

हप्ते थकलेत म्हणून क्लेम बुडतो, हेही खोटं. फक्त गाडी पूर्ण निकामी झाली तर कंपनी पैसे आधी बँकेला तिच्या येण्यापुरते देते आणि उरलेले आपल्याला.

पॉलिसी संपून गेली असेल तर फर्स्ट पार्टीसाठी गाडीची तपासणी होते. हल्ली मोबाइलवरच व्हिडिओ मागतात: चारही बाजू, काच, मीटरचा आकडा, चेसिस नंबर. एटापल्ली-भामरागडकडे नेटवर्क दगा देत असेल तर अहेरी-आलापल्लीला येऊन पाठवा, पण 90 दिवस उलटू देऊ नका. त्यानंतर नो क्लेम बोनस जातो, आणि तो नुकसानीच्या प्रीमियमवर 50 टक्क्यांपर्यंत असू शकतो.

प्रीमियम भरताना एक काळजी घ्या. ज्या बँकेचं देणं आहे तिथल्याच खात्याचा चेक देऊ नका. बँकेने ती शिल्लक थकबाकीत वळवली तर चेक परत येतो आणि पॉलिसी रद्द होते. सेटलमेंट पूर्ण झाल्यावर बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 घ्या, चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा, आणि नवी आरसी दाखवून पॉलिसीवरचं बँकेचं नावही काढून घ्या.