कोळंबीवर बंदी, तळणाला मुभा

नवी मुंबईतल्या शिरवण्यासारख्या आगरी-कोळी गावांत कोलेस्टेरॉल वाढल्याचे कळले, की पहिली बंदी येते कोळंबीवर. तेलाच्या पिशवीवर मात्र ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ छापलेले असते, म्हणून तळण सुरूच राहते.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ. पेशींची आवरणे, संप्रेरके (हार्मोन्स) आणि पित्तरस यांसाठी तो लागतोच; त्यातला बराचसा आपले यकृत स्वतः बनवते. रक्तातून तो वाहून नेणारे एलडीएल (मेद आणि प्रथिनांचे कण) एमआयडीसीतल्या मालाच्या टेम्पोंसारखे असतात. गरजेपुरते असले तर काम चालते, फार झाले की कडेला उभे राहून वाट अडवतात. रोहिण्यांच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या) भिंतींत थर साचतो तो असाच.

कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांतच असते. वनस्पतिजन्य तेलात ते जवळपास नसतेच, त्यामुळे पिशवीवरचा दावा खरा असूनही आपल्या उपयोगाचा नाही. एलडीएल वाढवण्यात मोठा वाटा संपृक्त मेदाचा (तूप, लोणी, पामतेल, खोबरेल यांत भरपूर असणारा) आणि ट्रान्स फॅटचा. कोळंबीत कोलेस्टेरॉल पुष्कळ, पण संपृक्त मेद अगदी थोडा. कमी तेलातले कालवण बहुतेकांना चालते. तळलेल्या फरसाणाबद्दल तसे म्हणता येत नाही.

वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, ते रक्ततपासणीतच कळते. ‘कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया’ने २०२४ मध्ये पहिली तपासणी १८व्या वर्षी सुचवली आहे. कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सुरू असेल, तर रिपोर्ट चांगला आला म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. तो बहुधा गोळीमुळेच चांगला आलेला असतो.